शाळेच्या परिसराचा नकाशा विद्यार्थ्यांच्या हातून: वर्गात ऑनलाइन नकाशा-साधने वापरण्याची पद्धत

प्रोजेक्टरवर गूगल अर्थ उघडून फिरती पृथ्वी दाखवली आणि तिथून थेट शाळेच्या गच्चीवर उतरले, की वर्ग हमखास खूश होतो. पण तासिका संपल्यावर विद्यार्थ्यांच्या वहीत त्यातले काहीच उतरलेले नसते. नकाशा पाहणे आणि नकाशा तयार करणे यांत शिकण्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः हिंडून जमवलेली माहिती त्यांनीच नकाशावर मांडावी आणि त्या नकाशाकडून एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे, अशी योजना असेल तरच संगणक कक्षात घालवलेल्या तासिका सार्थकी लागतात, असे माझे मत आहे. ठाणे आणि नवी मुंबईतील सातवी ते दहावीच्या भूगोल शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून ही पद्धत येथे पायरीपायरीने मांडली आहे.

आधी प्रश्न, मग साधन

कोणते ॲप घ्यावे यापासून सुरुवात करू नये. प्रथम असा एक प्रश्न शोधावा, ज्याचे उत्तर जागेनुसार बदलते, ज्याची माहिती मुले पायी फिरून गोळा करू शकतात आणि ज्याचे उत्तर तक्त्यात दिसत नाही, पण नकाशावर दिसते. ‘आमच्या भागातील दुकाने’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. ‘शाळेपासून एक किलोमीटरच्या आत पावसाळ्यात पाणी कोठे साचते आणि नेमके तेथेच का साचते?’ हा प्रश्न आहे, आणि या लेखात उदाहरण म्हणून तोच घेतला आहे.

हा प्रश्न येथील शाळांसाठी विशेष चांगला आहे, कारण त्याचे उत्तर भूरचनेत दडलेले आहे. नवी मुंबईचे ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचे नोड (नियोजित वसाहती) पूर्वेकडील पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेकडील ठाणे खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वसलेले आहेत. डोंगरावरचे पाणी नाल्यांनी ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वेमार्ग ओलांडून खाडीकडे येते. खाडीलगतची बरीच जमीन भराव घालून तयार केलेली असून ती उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खालची आहे. म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने ठिकठिकाणी धारण तलाव बांधले. भरती चढली, की तलावाच्या तोंडाशी असलेली झडपेची दारे मिटतात, शहरातले पावसाचे पाणी तलावात साठून राहते आणि ओहोटीला ते खाडीत सोडले जाते. ठाण्यात हाच खेळ थोड्या वेगळ्या मांडणीने दिसतो, कारण येऊरच्या डोंगराचा उतार पश्चिमेकडून येतो आणि खाडी पूर्वेला आहे. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की पाणी का तुंबते, हे विद्यार्थी वर्तमानपत्रात वाचतात. आपल्या गल्लीतले पाणी आणि खाडीची भरती यांचा संबंध त्यांना नकाशावर प्रथमच डोळ्यांनी दिसतो.

पाण्याचा विषय नको असेल, तर ठाण्यातील शाळांना मासुंदा, कचराळी, उपवन किंवा रायलादेवी यांपैकी जवळचा तलाव घेऊन त्याच्या काठाचा किती भाग चालण्यासाठी मोकळा आहे, कोठे घाट आहे, कोठे भिंत आहे, असा नकाशा करता येईल. पद्धत तीच राहते.

साधनाची निवड

या कामासाठी तीन-चार साधने पुरेशी आहेत. गूगल अर्थची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती दाखवण्यासाठी सोपी असली, तरी शिक्षकाने आपल्या संगणकावर गूगल अर्थ प्रो अवश्य बसवून घ्यावे. ते २०१५ पासून विनामूल्य आहे आणि त्यात जुनी उपग्रहचित्रे, क्षेत्रफळ मोजणे, वर्तुळ आखणे व उंचीचा छेद काढणे या चारही सोयी एकत्र मिळतात. विद्यार्थ्यांच्या नोंदी मांडण्यासाठी गूगल माय मॅप्स सोयीचे आहे. त्यात एका नकाशावर दहा थरांपर्यंत (एकावर एक ठेवता येणाऱ्या, वेगवेगळ्या माहितीच्या पातळ्यांपर्यंत) मांडणी होते, जी शालेय कामाला भरपूर झाली. मात्र त्यासाठी गूगल खाते लागते आणि तेरा वर्षांखालील मुलांना असे खाते स्वतःहून उघडता येत नाही. म्हणून सातवीच्या वर्गात एकतर सर्व काम शिक्षकाच्या खात्यावर करावे किंवा यूमॅप वापरावे. यूमॅप हे ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून तयार केलेल्या जगाच्या मुक्त नकाशाच्या, पायावर चालणारे साधन असून खाते न उघडताही त्यात नकाशा तयार करता येतो. त्या वेळी मिळणारा संपादनाचा गुप्त दुवा मात्र लगेच लिहून ठेवावा, कारण तो हरवल्यास आपलाच नकाशा आपल्याला बदलता येत नाही.

भारताच्या किंवा राज्याच्या पातळीवरील विषयांसाठी इस्रोचे ‘भुवन’ हे नकाशांचे संकेतस्थळ पाहावे. ते २००९ मध्ये सुरू झाले, हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र ते चालवते आणि शालेय अभ्यासक्रमाला धरून एनसीईआरटीबरोबर तयार केलेला त्याचा एक वेगळा विभागही आहे. आपल्या एक किलोमीटरच्या कामाला त्याची गरज नाही.

ओपनस्ट्रीटमॅपवर थेट भर घालण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळलेला बरा. तेथे केलेला बदल साऱ्या जगाला दिसतो, त्यामुळे तो सरावाचा फळा नव्हे. पुढे शिक्षकाचा हात बसला, की परिसरातील चौक, तलाव आणि मंदिरे यांची मराठी नावे भरण्याचे काम नववीच्या मुलांकडून उत्तम होते. फक्त ती माहिती प्रत्यक्ष पाहून भरलेली असावी, गूगलच्या नकाशावरून उतरवलेली नसावी, कारण परवान्यानुसार तसे करण्यास मनाई आहे.

शिक्षकाची पूर्वतयारी

संगणक कक्षातील प्रत्येक यंत्रावर ही साधने उघडतात का, हे आदल्या आठवड्यात स्वतः बसून पाहावे. अनेक शाळांत जुनी ब्राउझर असतात किंवा काही संकेतस्थळे बंद केलेली असतात, आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली वीस मिनिटे त्यातच जातात. एका यंत्रावर तीन विद्यार्थी धरून गट पाडावेत व त्यांत काम वाटून द्यावे: एकाने नोंद वाचावी, दुसऱ्याने टंकित करावी, तिसऱ्याने ताडून पाहावी.

यानंतर गूगल अर्थ प्रोमध्ये मोजपट्टीच्या चौकटीतील वर्तुळाचे साधन निवडून शाळा केंद्रस्थानी ठेवावी, एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे आणि ते केएमएल (नकाशावरील बिंदू, रेषा व आकार साठवणाऱ्या संचिकेच्या) स्वरूपात जतन करावे. ही संचिका माय मॅप्समध्ये पहिला थर म्हणून आणता येते, आणि माय मॅप्समध्ये वर्तुळ आखण्याची सोय नसल्यामुळे हा वळसा घ्यावाच लागतो. शेवटी ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर ‘शेअर’ची चौकट उघडून त्याच परिसराचा नकाशा पीडीएफ किंवा चित्र म्हणून उतरवून घ्यावा आणि प्रत्येक गटासाठी त्याची एक छापील प्रत काढावी. ज्या शाळांत विद्यार्थ्यांना मोबाइल आणू देत नाहीत, तेथे हा कागदच पाहणीचे मुख्य साधन ठरतो. परवानगी असली, तरी कागद हवाच. पडद्यावर बोटाने नकाशा मागेपुढे सरकवणारे मूल आपण कोठे उभे आहोत हे पटकन विसरते, तर कागदावर पेन्सिलीने फुली मारणाऱ्या मुलाला आधी दिशा लावून घ्यावी लागते.

पहिल्या दोन तासिका: वृत्तजाळी आणि प्रमाण

पाहणीपूर्वी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली अक्षांश-रेखांशांची. संगणकावर गूगल मॅप्समध्ये कोणत्याही जागी माउसचे उजवे बटण दाबले, की वरच दोन संख्या दिसतात. मोबाइलवर त्या जागी बोट दाबून धरावे लागते. ठाणे स्थानकाजवळ या संख्या साधारण १९.१८६ आणि ७२.९७६ अशा येतात. पहिली संख्या अक्षांशाची, दुसरी रेखांशाची. हा क्रम विद्यार्थ्यांनी मुद्दाम उलटा करून शोधून पाहावा: ठाणे स्थानक नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते आणि क्रमाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. काही ॲप १९ अंश ११ मिनिटे १० सेकंद अशा रूपात जागा दाखवतात. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून बेरीज केली, की १९.१८६११ ही दशांश संख्या मिळते. गणिताच्या शिक्षकांना हे उदाहरण आवडेल.

दशांशचिन्हानंतर किती अंक घ्यावेत, हाही चर्चेचा विषय आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, म्हणजे चौथा दशांश अंक सुमारे ११ मीटरचा आणि पाचवा साधारण एका मीटरचा. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची जागा पाचेक मीटरपर्यंत अचूक असते आणि उंच इमारतींच्या मध्ये त्याहून बरीच ढळते. त्यामुळे पाच अंक पुरतात. त्यापुढच्या अंकांना अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. आठवीत शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण शिकवले जाते, पण पडद्यावरचा नकाशा लहानमोठा होताना यांपैकी काय टिकते, हे क्वचितच विचारले जाते. नकाशाच्या कोपऱ्यातील रेषाप्रमाण प्रत्येक वेळी कसे बदलते ते पाहायला सांगावे आणि छापील नकाशावर ‘एक सेंटिमीटरला इतके मीटर’ असे लिहिले असेल, तर छायाप्रत मोठी करून काढल्यावर ते खरे राहील का, हे विचारावे. जगाच्या पातळीवर ओपनस्ट्रीटमॅप उघडल्यास ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. गूगल अर्थच्या गोलावर हे दोन्ही भूभाग पाहिले, की सपाट नकाशा आकार किती बिघडवतो ते कळते.

पाहणी

पाऊस पडत असताना किंवा पाणी साचलेले असताना विद्यार्थ्यांना पाहणीसाठी पाठवू नये. उघडी गटारे आणि नाल्यांचे काठ हे खरे धोके आहेत. पाहणी कोरड्या दिवशी, मोठ्यांच्या सोबतीने, चार-पाच जणांच्या गटात करावी आणि भर विचारपूस करण्यावर ठेवावा. सोसायटीचे वॉचमन, कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार, रिक्षा थांब्यावरचे काका यांना आपल्या जागी पाणी कुठपर्यंत चढते, हे कोणत्याही कार्यालयापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. भिंतींवरच्या ओलीच्या रेघा आणि दुकानांपुढे बांधलेले उंच उंबरे हाही पुरावाच आहे.

नोंदपत्रकात जागेची ओळखखूण, अक्षांश, रेखांश, पाण्याची खोली, पाणी उतरायला लागणारा वेळ, जवळ नाला, पूल किंवा भुयारी मार्ग आहे का आणि माहिती देणाऱ्याचा व्यवसाय, एवढे रकाने ठेवावेत. नाव विचारू नये. खोलीसाठी ‘घोट्यापर्यंत’, ‘गुडघ्यापर्यंत’, ‘त्याहून वर’ असे तीनच पर्याय द्यावेत. सेंटिमीटर विचारल्यास लोक अंदाजाने काहीही सांगतात. मोबाइल सोबत नसेल, तर कागदी नकाशावर फुली मारून तिला क्रमांक द्यावा आणि अक्षांश-रेखांश नंतर संगणकावर शोधावेत.

आणखी एक काम बहुतेक वेळा विसरले जाते, ते म्हणजे आपण कोणत्या रस्त्यांवरून गेलो, हे प्रत्येक गटाने नकाशावर रेघ ओढून दाखवणे. याचे कारण पुढे येईल.

छायाचित्रे काढली असतील, तर ती व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवल्यास त्यांतील जागेची नोंद निघून जाते. ती नोंद हवी असल्यास छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे लागते. ती नको असेल, आणि मुलांच्या बाबतीत ती बहुधा नकोच असते, तर चित्र म्हणून पाठवण्याची साधी पद्धतच चांगली.

नोंदींचा तक्ता

सर्व गटांच्या नोंदी एकाच स्प्रेडशीटमध्ये भराव्यात; एका ओळीत एकच जागा. मराठी माध्यमात येथे दोन अडचणी हमखास येतात. अक्षांश-रेखांश देवनागरी अंकांत भरल्यास स्प्रेडशीट त्यांना संख्या न मानता मजकूर मानते आणि एकही बिंदू नकाशावर उतरत नाही. म्हणून तेवढे दोन रकाने इंग्रजी अंकांतच हवेत. तसेच एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी) संचिका साध्या पर्यायाने जतन केल्यास मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा. गूगल शीट्स वापरल्यास ही दुसरी अडचण येत नाही.

‘गुडघ्यापर्यंत’, ‘गुडघाभर’ आणि ‘गुडघ्याएवढे’ हे माणसाला एकच वाटले, तरी संगणकासाठी ते तीन वेगवेगळे वर्ग ठरतात. नकाशावर जाण्यापूर्वी प्रत्येक रकाना वाचून शब्द एकसारखे करण्यासाठी एक पूर्ण तासिका द्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, तरी शिक्षकाने ते घरी बसून उरकू नये, कारण माहिती स्वच्छ करणे हेच या उपक्रमातील सर्वांत टिकाऊ कौशल्य आहे.

नकाशावर मांडणी

माय मॅप्समध्ये नवा थर घेऊन ‘इम्पोर्ट’ निवडावे, तक्त्याची संचिका द्यावी, जागेसाठी अक्षांश व रेखांशाचे रकाने दाखवावेत आणि बिंदूच्या नावासाठी ओळखखुणेचा रकाना निवडावा. त्यानंतर थराच्या शैलीत जाऊन खोलीच्या रकान्यानुसार रंग द्यावेत. रंग एकाच छटेचे, फिकट ते गडद असे ठेवावेत; लाल, हिरवा आणि जांभळा असे तीन तऱ्हेचे रंग दिले, तर कमी-जास्त हा क्रम डोळ्याला कळत नाही. नाले आणि धारण तलाव उपग्रहचित्रावरून रेषा व बहुभुज काढून दुसऱ्या थरात मांडावेत, आणि चाललेले रस्ते तिसऱ्या थरात.

तक्त्यात नंतर केलेला बदल माय मॅप्समध्ये आपोआप उतरत नाही, हे लक्षात ठेवावे. तो थर पुन्हा आणावा लागतो, म्हणून तक्ता अंतिम झाल्याशिवाय ही पायरी घेऊ नये.

नकाशाचे वाचन

बिंदू पडले, की विद्यार्थी लगेच निष्कर्ष काढू लागतात, आणि शिक्षकाचे खरे काम येथे सुरू होते. नकाशाचा एक भाग रिकामा दिसला, तर तेथे पाणी साचत नाही, की तेथे कोणी गेलेच नाही? चाललेल्या रस्त्यांचा थर यासाठीच हवा होता. जेथे रस्त्याची रेघ आहे आणि बिंदू नाही, तेथील रिकामेपण ही माहिती आहे. जेथे रेघच नाही, तेथील रिकामेपण म्हणजे केवळ अज्ञान. नववीतील टिंब पद्धतीच्या नकाशांच्या वेळी हा भेद सांगितला, तर तो आकृतीपुरता उरत नाही.

पुढे बिंदूंची नाल्यांशी, रेल्वेखालच्या भुयारी मार्गांशी आणि खाडीच्या काठाशी तुलना करावी. गूगल अर्थ प्रोमध्ये डोंगरमाथ्यापासून खाडीपर्यंत एक रेषा आखून तिचा उंचीचा छेद काढल्यास डोंगराचा तीव्र उतार आणि त्यापुढचा जवळजवळ सपाट पट्टा स्पष्ट दिसतो. सातवीतील समोच्चरेषांना हा चांगला जोड आहे. परंतु याच छेदावरून एका सेक्टरची उंची दुसऱ्या सेक्टरपेक्षा दोन मीटरने कमी आहे, असा निष्कर्ष काढू देऊ नये. अशा साधनांतील उंचीच्या माहितीत काही मीटरची चूक सहज असते आणि दाट वस्तीत इमारतींची उंचीही तिच्यात मिसळते. सपाट भागातील खरा फरक त्या चुकीपेक्षा लहान असतो.

मूल्यमापनासाठी प्रत्येक गटाला चार वाक्ये लिहायला सांगावीत: नकाशावरून ठामपणे म्हणता येतील अशी तीन, आणि म्हणावेसे वाटते पण नकाशा ज्याला आधार देत नाही असे एक. चौथ्या वाक्यावरूनच कोणाला नकाशा वाचता येतो, हे कळते.

जुनी उपग्रहचित्रे

वेळ उरल्यास गूगल अर्थ प्रोमधील घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारून त्याच परिसराची जुनी चित्रे पाहावीत. उलव्याजवळील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ यासाठी उत्तम आहे. त्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, पण त्याआधी उलव्याची टेकडी कापली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. हे सारे चित्रांच्या मालिकेत वर्षागणिक दिसते. विद्यार्थ्यांनी विमानतळाच्या हद्दीभोवती बहुभुज आखून क्षेत्रफळ मोजावे आणि जाहीर झालेल्या ११६० हेक्टरशी ताडून पाहावे. उत्तरे गटागटांत वेगळी येतील, आणि हद्द नेमकी कोठे मानायची यावर जो वाद होईल तो होऊ द्यावा.

ठाणे खाडीचा पट्टा पाहताना मात्र सावध राहावे. एक चित्र ओहोटीचे आणि दुसरे भरतीचे असेल, तर खाडी भलतीच रुंद किंवा अरुंद झाल्यासारखी भासते. चिखलपट्टीच्या कडेवरून काहीही ठरवू नये. कांदळवनाची कड धरून तुलना करावी. पावसाळ्यातील चित्रे ढगांमुळे क्वचितच मिळतात, आणि उरलेल्या चित्रांत डोंगर हिरवा की तपकिरी, हे महिन्यावर अवलंबून असते. शक्यतो एकाच महिन्यातील चित्रे निवडावीत. खाडीवरील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, त्यामुळे हा भाग घेणाऱ्या गटांना विज्ञानाच्या प्रकल्पालाही विषय मिळतो.

सीमा आणि खासगीपणा

भारताची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. परदेशी साधनांवरील नकाशांत ही सीमा वेगळी किंवा तुटक दिसू शकते. एक किलोमीटरच्या कामात हा प्रश्न येत नाही. परंतु हस्तलिखितात, प्रदर्शनात किंवा शाळेच्या संकेतस्थळावर संपूर्ण देशाचा नकाशा द्यायचा असेल, तर तो सर्वेक्षण विभागाचाच घ्यावा.

विद्यार्थ्यांची घरे नकाशावर कधीही दाखवू नयेत. ‘घर ते शाळा’ हा उपक्रम लोकप्रिय असला, तरी त्यात सर्व मुलांचे पत्ते एका दुव्यावर जमा होतात. घराऐवजी जवळचा चौक किंवा बसथांबा घ्यावा. बिंदूंच्या वर्णनात मुलांची नावे नकोत, गटक्रमांक पुरे. दुवा देताना फक्त पाहण्याची मुभा ठेवावी आणि उपक्रमाआधी पालकांची लेखी संमती घ्यावी.

काम संपल्यावर प्रत्येक थर केएमएल स्वरूपात उतरवून मूळ तक्त्यासह शाळेच्या संगणकावर ठेवावा, कारण शिक्षकाची बदली झाली, की वैयक्तिक खात्यावरचा नकाशा त्यांच्याबरोबर जातो. संचिकेच्या नावात इयत्ता, वर्ष आणि विषय असावेत. पुढच्या वर्षीच्या वर्गाने जुन्या बिंदूंत फेरफार न करता आपला नवा थर त्यावर चढवावा, म्हणजे यंदा कोठे पाणी साचले आणि मागच्या वर्षीची कोणती जागा कोरडी राहिली, हे दोन्ही थर एकाच वेळी उघडून पाहता येते.